आब्लो, आब्लास, आब्ला

३ मार्च

पोरी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली पत्र आलं की माणसं आधी तोच विचार करतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

फोन असताना सातासमुद्रापार पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तुझ्या बाबांचं नाव काढलं की तुझ्या गॅसवर दूध ठेवलेलं असतं. तीन वर्षं ऐकते आहे, ‘आई, दूध उतू जातंय, ठेवते हं.’ इतकं दूध तापवणारं घर मी तरी दुसरं पाहिलं नाही. कागदाला तसं करता येत नाही. तू उठून गेलीस तरी तो टेबलावर पडून राहतो.

दुकानात सगळं आहे तसंच आहे. मागच्या खोलीत मी, चष्म्याच्या काचा घासायचं मशीन आणि पाण्याची बादली. पुढे डोळे तपासणारी बाई दिवसभर ‘हे वाचा, आता हे वाचा’ करत असते. परवा एक गृहस्थ नवा चष्मा परत घेऊन आले, म्हणे जमीन तिरकी दिसते. मी आतून येऊन सांगितलं, जमीन सरळच आहे, आठवडाभर घाला, डोळा बसेल नंबराला. बसतोच. पण तेवढा आठवडा कुणाला द्यायचा नसतो.

आता मुद्द्याचं. हसू नकोस, मी स्पॅनिश शिकते आहे. चाळीस वर्षं जिला सवत म्हटलं, तिच्याच पाया पडायची वेळ आली. तुझ्या बाबांचा स्पॅनिशचा शनिवारचा वर्ग पुढच्या खोलीत भरायचा, तेव्हा स्वयंपाकघरात मला भिंतीतून ऐकू यायचं. बाबांचं ‘यो!’, मग चेंडू झेलल्याचा थप्प आवाज, मग कुणाचं तरी घाबरलेलं ‘आब्लो’. उत्तर आलं नाही की त्यांचं ऊनो, दोस, त्रेस, आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. तीन म्हणेपर्यंत ज्याला जमलं नाही, त्याने वर्गभर उभं राहायचं. यो म्हणजे मी, तू म्हणजे तूच, एवढं मला भिंतीनेच शिकवलं. पुढचं येत नाही. त्यांच्या पुस्तकात पाहिलं तर शब्दाच्या सुरुवातीला एच आहे, तो लिहायचा आणि म्हणायचा नाही. आपल्या घरातलीच रीत.

तू चौदाव्या वर्षी त्या वर्गात मोठमोठ्या माणसांना मागे टाकायचीस. तर ते बोलण्याचं क्रियापद मला सगळ्या काळांत लिहून पाठव. मी बोलतो, मी बोललो, मी बोलेन, तू, तो, आम्ही, सगळं. घरात मास्तर बसलेत, त्यांना विचार, असं म्हणशील. त्यांना नाही विचारता येत. ते बरे आहेत. हल्ली बोलणं कमी केलंय.

तुझी मुंगी परवा फोनवर दात पडल्याची गोष्ट सांगत होती. मध्येच थांबली, शब्द शोधायला गेली, सापडल्यावर पुन्हा निघाली. मी मध्ये बोलले नाही. तू बजावलंस तसं ओठ दाबून बसले.

आई


१९ मार्च

पोरी,

एवढं मोठं पाकीट आणि आत एकच ओळ, ‘बाबांना काय झालंय?’ बापासारखीच आहेस. चुकीचं उत्तर लगेच पकडतेस.

जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दाढी करत होते. मोरीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मला वाटलं साबण निसटला. मी आतूनच ओरडले, ‘फरशी पुसून या हो, मी घसरेन.’ उत्तर आलं नाही. यांच्याकडून उत्तर नाही म्हणजे काहीतरी बिनसलंच, म्हणून बघायला गेले. एका गालाला फेस, ब्रश खाली पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. आरशात स्वतःकडेच बघत उभे होते.

आता उजवा हात लुळा आहे. पाय ओढत का होईना, चालतात. ऐकू येतं, समजतं सगळं. बोलणं गेलंय. पाणी हवं असतं, डोळ्यांत दिसतं मला, तोंड उघडतात आणि भलताच आवाज बाहेर येतो. त्याचं त्यांनाच नवल वाटतं. मग तोंड मिटून घेतात ते दुपारपर्यंत. ज्या माणसाला चार भाषांत भांडता यायचं, त्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही गं.

तुला का नाही कळवलं? कारण तू आली असतीस. आजारी माणसावर रागावता येत नाही, म्हणून राग गिळून उशाशी बसली असतीस. मला ते नको होतं. तुझा राग खरा आहे आणि तो तुझा आहे. झटका आला म्हणून तो काढून घ्यायचा हक्क ना त्यांना, ना मला.

आता ते क्रियापद. फेब्रुवारीत मी त्यांचं कपाट आवरत होते, तर मागे तो वर्गातला चेंडू सापडला. टक्कल पडलेला, एका जागी शिवण उसवलेला. हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते, भिंतीकडे बघत. मला काय सुचलं कोण जाणे, मी समोर बसले, चेंडू त्यांच्याकडे घरंगळत सोडला आणि भिंतीतून ऐकलेलं तेच म्हटलं, ‘यो!’ त्यांनी डाव्या हाताने चेंडू अडवला. आणि म्हणाले, ‘आब्लो.’

स्वच्छ. खणखणीत. वर्गात म्हणायचे तसंच. आजारपणातला पहिला धड शब्द. मी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हटलं, ‘तू?’ ते म्हणाले, ‘आब्लास.’ पुढे मला काही येत नव्हतं. ते चेंडू धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी आपली अडाणी. जन्मात पहिल्यांदा या माणसाला माझ्याकडून एक शब्द हवा होता आणि माझ्याकडे तो नव्हता. म्हणून तुला लिहिलं.

थेरपीसाठी एक मुलगी येते, तिने समजावलं. म्हणाली, आयुष्यभर घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. पाढे, आठवड्याचे वार, असं काही. झटका तिथवर पोचला नसेल. त्यातून बोलणं परत येईल असं नाही, पण तोंडाला वळण राहील. बघ म्हणजे, मी बोलतो, तू बोलतोस, एवढंच बोलता येतं त्यांना. रडावं की हसावं? मी दोन्ही करते.

आणखी एक सांगायचंय. वरच्या मजल्यावरचे काका समाचाराला आले होते. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? म्हणाले, पाणी समोर धरा आणि शब्द काढल्याशिवाय देऊ नका, आपोआप बोलतील. काल दुपारी मी तसं केलं. पेला धरून उभी राहिले, ‘म्हणा, पाणी.’ त्यांनी एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंड घट्ट मिटलं. ते मिटलेलं तोंड मी आधी पाहिलं होतं. ह्यांचं नव्हे, मुंगीचं.

तीन वर्षांपूर्वी ज्या सकाळी तू बाबांशी बोलणं टाकलंस, तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस, तू फक्त शेवट पाहिलास. सुरुवात मी पाहिली आहे. चार वर्षांचं पोर, अजून एक शब्द बोलत नाही, याचा ह्यांना घोर लागला होता, तो मनापासून होता. पण घोर लागला की हा माणूस वर्ग घेतो. दुधाचा पेला वर धरला. ‘दूध म्हण. दूध. म्हटलंस की मिळेल.’ मी दोनदा म्हटलं, ‘अहो, द्या ना तिला.’ तर मला, ‘तू मध्ये पडू नकोस, अशीच शिकतात मुलं.’ आणि मग मोजायला लागले. ऊनो, दोस, त्रेस. तिने तोंड मिटलं आणि त्रेसला खुर्चीवरून उतरून उभी राहिली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. तेवढ्यात तू केस पुसत बाहेर आलीस.

मी काल पेला त्यांच्या ओठाला लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर गेलं.

आई


२६ एप्रिल

पोरी,

तुझं पाकीट दुकानात आलं, मशीनपाशीच फोडलं. तक्ता मिळाला. किती सुबक लिहिलं आहेस. चार काळ, सहा माणसं, शब्दांच्या बदलत्या शेपट्या लाल शाईने. मूळ शब्द सगळीकडे तोच, हे बघून जिवात जीव आला. मला वाटलं होतं दर वेळी नवीन शब्द पाठ करायचा.

मग कागद उलटला. मागे तू पेन्सिलीने लिहिलंयस, ‘त्यांना पाणी मागायला लावू नकोस. आधी दे.’

मी मशीन बंद केलं आणि बादलीपाशी बसून रडले. डोळे तपासणारी धावत आत आली, ‘काच उडाली का डोळ्यात?’ मी म्हटलं, हो. आता काय सांगणार होते? तिने टॉर्च आणला, पापण्या उलटून पाहिल्या, काही नाही म्हणाली. मी तपासू दिलं.

पोरी, ज्याने तुझ्या लेकीला दूध दिलं नाही, त्याला तू पाणी द्यायला सांगतेस. तुला वाटेल, यात काय मोठंसं. तुझी मुलगी त्यानंतरही दोन वर्षं गप्प होती तेव्हा तू तिला रोज असंच आधी देत गेलीस, हे मला माहीत आहे. मी तुझ्याइतकी मोठी झाले नाही अजून.

आता दिवसभर त्यांच्या डाव्या हातापाशी पाण्याचा तांब्या असतो. मागायचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून तोंड मिटून बसणं कमी झालंय.

तक्ता मी मशीनच्या वर चिकटवला आहे. काच घासताना पुटपुटते. आब्लामोस, आम्ही बोलतो. आब्लान, ते बोलतात. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारी जप करते. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही बसतो. मी ‘नोसोत्रोस’, म्हणजे ‘आम्ही’, म्हणून चेंडू सोडते, ते ‘आब्लामोस’ म्हणून परत सोडतात. मी चुकले की टेबलावर बोटाने टकटक करतात. शब्द गेले, पण मास्तरकी नाही गेली! ऊनो, दोस, त्रेस मात्र नाही चालू दिलं. पहिल्याच दिवशी बजावलं, मोजणी बंद. मोजायला लागलात तर मी उठेन आणि स्वयंपाक तुम्ही करा.

वर्तमानकाळ पक्का झाला. मग भूतकाळ घेतला. तू दोन भूतकाळ लिहून बाजूला मराठीत खुलासा केलास ते बरं झालं. एक ‘बोललो’, एकदाच झालेलं. दुसरा ‘बोलायचो’, नेहमी व्हायचं ते. यो, आब्ले. यो, आब्लाबा. हे दोन्ही त्यांच्या तोंडात शाबूत आहेत. मी विचार करत बसले की त्या सकाळी जे बोलले ते पहिल्यात जाईल, आणि तुला पोटावर झोपवून तासन् तास खोट्या गोष्टी सांगायचे, जहाजाच्या, बोलणाऱ्या माशांच्या, ते दुसऱ्यात. एकाने दुसरं पुसलं जात नाही. तुझ्यावर काही लादत नाही, मला वाटलं ते लिहिलं.

भविष्यकाळाशी मात्र अडतंय. ‘यो’ म्हटलं की ‘आब्लारे’ म्हणायचं, तर ‘आब्ला’ इथपर्यंत येतात आणि गाडी थांबते. थेरपीची मुलगी म्हणते, यात अर्थ शोधत बसू नका आजी, ते नुसतं जिभेवरचं आहे. मी कुठली ऐकते.

पण ती म्हणते ते सगळंच खरं नाही, हे काल कळलं. तेच सांगायला बसले होते आणि एवढं चऱ्हाट लावलं. काल खेळ झाल्यावर मी भाकरीचं पीठ मळायला उठले, तर मागून हाक मारल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं. त्यांनी फ्रीजवरचा मुंगीचा फोटो काढून टेबलावर ठेवला होता, पडक्या दातांचा, तू पाठवलेला. त्यावर बोट ठेवून मला विचारत होते, ‘आब्ला?’

मला आधी कळेना. वाटलं खेळायचंय अजून. तर पुन्हा फोटोवर बोट, पुन्हा ‘आब्ला?’ आणि डोळे असे, की त्या शब्दावाचूनही कळलं असतं. ती बोलते का?

तीन वर्षं त्यांना ठाऊक नव्हतं, पोरी. मी सांगितलं नव्हतं असं नाही. फोन झाल्यावर मी मुंगीचं काही सांगायला लागले की ते उठून बाल्कनीत जायचे. मला वाटायचं ताठा आहे. ताठा नव्हता. ऐकायची भीती वाटत होती, अजून बोलत नाही असं मी म्हणेन याची.

मी पिठाच्या हाताने सांगितलं, ‘बोलते हो. डोकं खाते माझं. दात पडला तर अर्धा तास बोलत होती.’ त्यांनी कपाळ टेबलावर टेकलं. चेंडू खाली पडला, तो उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

येशील का? त्यांच्यासाठी ये म्हणत नाही. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर एकदा त्यांच्या समोर येऊन बसलेलं मला बघायचंय.

आई


११ मे

पोरी,

तुझ्या अटी वाचल्या. एकेक घेते.

बाबांनी मुंगीला काहीही शिकवायचं नाही. अगं, शिकवायला तोंड तर हवं. तरी कबूल.

जेवताना तिच्याकडे कुणी टक लावून बघायचं नाही. कबूल. मी ताटाकडे बघेन, हे भिंतीकडे बघतील. त्यांना सवय आहे.

तू त्यांच्याशी बोलायचं की नाही हे तुझं तू ठरवशील, त्यावर मी तोंड करायचं नाही. ही अट वाचून वाईट वाटलं, पण कबूल. मध्ये मध्ये तोंड वाकडं केलं तर ते वयाने झालंय असं समज.

मधली खोली तुम्हा दोघींना. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला आहे. मोरीचं दार अजून तसंच अडकतं, आत गेल्यावर जोरात ओढायचं.

त्यांना मी सांगितलं, जूनमध्ये येताहेत. त्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दाढीचं सामान दाखवलं. एवढ्यात कुठे, अजून महिना आहे, म्हटलं. ऐकेनात. शेवटी मीच करून दिली. हनुवटीवर थोडं कापलं.

आई


२० जून

पोरी,

तुम्ही गेलात आणि घर इतकं गप्प झालंय की घड्याळाचा राग येतो.

तू या मुक्कामात किती केलंस ते मी पाहिलंय. डॉक्टरांशी बोललीस, गाद्या उन्हात टाकल्यास, मोरीचं दार सुतार आणून घासून घेतलंस, त्यांची नखं कापलीस. पायांची सुद्धा. नखं कापताना तू मला विचारत होतीस, ‘आई, त्यांना दुखतंय का?’ आणि त्यांचा पाय तुझ्या मांडीवर होता. मी ‘नाही दुखत’ म्हटलं. अटच होती, मी काही बोलले नाही. आत्ताही तक्रार करत नाही.

पण निघायच्या दिवशी सकाळी जे झालं, ते तू पाहिलं नाहीस. तू पुन्हा अंघोळीलाच होतीस. या घरात जे काही व्हायचं ते तू मोरीत असतानाच का होतं, देव जाणे.

टेबलाशी आम्ही तिघं. चेंडू मिठाच्या बरणीपाशी होता. एव्हाना मुंगीला खेळ पाठ झाला होता, तू तिला पाठवलं नाहीस तरी ती संध्याकाळी येऊन बसायचीच. तिनेच आजोबांना नवा नियम घातला होता, तिच्या बोलायला शिकवणाऱ्या टीचरचा. ‘ज्याच्याकडे चेंडू, त्याचा वेळ. बाकीच्यांनी नुसतं थांबायचं. आजी, तू पण.’ मला खास दम.

मी चहा ओतत होते. ह्यांनी डाव्या हाताने दुधाचं भांडं उचललं. हात हलत होता, थोडं टेबलावर सांडलं, बाकी तिच्या पेल्यात. मग त्यांनी तो पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. हवेत.

मी चहा ओतायची थांबले. तोच पेला नव्हता, पण टेबल तेच, खुर्ची तीच. मुंगीनं पेल्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं. घट्ट. मला वाटलं, संपलं. आता ही खुर्चीवरून उतरणार, मोरीचं दार उघडणार, तू हे बघणार आणि पुन्हा कधी म्हणून या घरात पाऊल टाकणार नाहीस.

त्यांनाही आठवलं होतं. त्यांच्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला, तिच्या अगदी पुढ्यात. पेल्याचा कान तिच्या हाताकडे वळवला. आणि आपला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. मान ताठ झाली, कपाळावर शीर उठली. मला राहवेना, मी म्हणणार होते, ‘असू द्या हो, तिला कळलंय.’ तर मुंगीने माझ्याकडे असं पाहिलं की मी किटली धरून तशीच उभी राहिले. तिने चेंडू घेतला आणि त्यांच्याकडे सोडला. म्हणाली, ‘आजोबा, घाई नाही. चेंडू तुमच्याकडे आहे.’

आणि थांबली. सात वर्षांचं पोर, दूध समोर, भूक लागलेली. हाताची घडी घालून थांबली. मोरीत तुझं पाणी पडत होतं ते ऐकू येत होतं. माझ्या कपातल्या चहावर साय धरली. एवढ्या वेळात मी दोन काचा घासल्या असत्या. त्यांनी चेंडू मुठीत दाबला, एकदा ‘दो’ म्हणाले, मान हलवली, चूक. पुन्हा सुरुवात केली.

‘दूध,’ म्हणाले.

मराठीत. घोकलेलं नाही, तक्त्यातलं नाही. झटक्यानंतर त्यांचा स्वतःचा म्हणावा असा पहिला शब्द, आणि तो हा. ज्याच्यासाठी त्यांनी तिला उपाशी ठेवलं होतं, तो त्यांनी स्वतः म्हटला, तिला देऊन झाल्यावर.

मुंगी म्हणाली, ‘हो. दूध.’ आणि प्यायली. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. ओठावरची मिशी पुसून म्हणाली, ‘आता चेंडू कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.’

तेवढ्यात तू केस पुसत बाहेर आलीस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि चेंडू सोडला. टेबलावरून घरंगळत तो कडेला गेला, खाली पडला आणि तुझ्या पायाला लागला. तू उचललास, म्हणालीस, ‘आई, हा सारखा पडतो, कुणी घसरेल यावरून,’ आणि ओट्याच्या खणात टाकून खण लावलास. मग बॅगा बघायला गेलीस.

पोरी, तो पडला नव्हता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं का? गाडी खाली उभी होती, तू पासपोर्ट शोधत होतीस. आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून. तुम्ही गेल्यावर मी खण उघडून चेंडू त्यांना द्यायला गेले, तर घेईनात. बोटाने दाराकडे दाखवलं, मग खणाकडे. तुला दिलाय, तुझ्याकडेच राहू दे. म्हणून तो खणातच आहे. आम्ही आता संध्याकाळी लिंबावर काम चालवतो. चपटं आहे, भलतीकडे जातं.

तुला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नियम तुझ्या लेकीचाच आहे, ज्याच्याकडे चेंडू त्याचा वेळ. वर्ष लावलंस तरी तो खण कुणी उघडणार नाही.

एवढंच सांगते. पत्र पोचल्यावर येईल त्या रविवारी तू फोन करशील, तेव्हा या वेळी मी फोन त्यांच्या हातात देणार आहे. पलीकडून काही ऐकू येणार नाही. खूप वेळ येणार नाही. तुला वाटेल लाइन गेली, ‘हॅलो, हॅलो’ करावंसं वाटेल. करू नकोस. लाइन गेलेली नसेल. तुझे बाबा बोलत असतील.

गॅसवर दूध असेल तर आधी उतरवून ठेव.

आई